तासाभराचं रान

४ एप्रिल

प्रिय वन्सं,

'वन्सं' वाचलं की आपण शंभर वर्षांच्या झाल्यासारखं वाटतं, असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. पण तुमचं नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही, आणि 'ताई' लिहावं तर तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान. तेव्हा वन्संच राहा.

पार्सल मिळालं. मलमाची नळी, खोकल्याच्या दोन बाटल्या, पित्ताच्या गोळ्या. पोस्टमन म्हणाला, "बाई, घरात दवाखाना काढलाय का?" मी म्हटलं, "काढलाय, पण पेशंट एकच आहे आणि तो बरा व्हायला तयार नाही."

आईंचं म्हणाल तर तसंच. खोकला वाढलेला नाही आणि गेलेलाही नाही. सकाळी मी चहाचं आधण ठेवलं की सुरू होतो, जेवणं झाली की बसतो. गुडघा सोमवारपासून ठणकतोय. गेल्या आठवड्यात उजवा होता, आता डावा. मध्ये दोन दिवस उचकी होती. त्याआधी डोळ्यावर रांजणवाडी येणार असं वाटत होतं, पण आली नाही. मोठं काही नाही हो. मोठं कधीच काही नसतं. ताप एकशे दोनवर गेला असता तर म्हटलं असतं, चला डॉक्टरकडे. पण तो नव्याण्णववर येऊन थांबतो, आणि त्याच्याबरोबर मीही थांबते.

माझं रान चालू आहे. आई दुपारी चार वाजता पडतात, तेव्हा मी टोपली घेऊन निघते आणि पाचला परत येते. एक तास, घड्याळ लावून. तुमचे दादा गेले त्याच्या पुढच्या वर्षी एकदा मला अर्धा तास उशीर झाला होता. आले तर आई पायरीवर बसलेल्या, छातीला हात लावून, चेहरा पांढराफटक. "मला वाटलं आता तू दिसायचीच नाहीस," म्हणाल्या. तेव्हापासून तास म्हणजे तास.

तासात ओढ्यापर्यंत जाऊन परत येता येतं. वाटेत बांधाच्या कडेला घोळीची भाजी भरपूर आहे, सावलीत आंबट पानांची आंबुशी. परवा सर पडून गेली तर कुजक्या ओंडक्यावर अळिंबी उगवलेली. नीट पाहून, वास घेऊन, माहितीतलीच घेतली. मिरं घालून परतली. आईंनी दोनदा वाढून घेतली आणि मग पोट जड झालं म्हणाल्या. आंबुशीचा रस दिला, बरं वाटलं.

ओढ्याच्या पलीकडे काय आहे ते मात्र सहा वर्षांत मला कळलेलं नाही. जाऊन यायला दीड तास लागेल.

तुमचे पाय कसे आहेत? उभं राहायचं काम आहे, जपा.

तुमची,
वहिनी


१३ एप्रिल

वहिनी,

हे काउंटरवर उभ्याउभ्या लिहितेय, अक्षर कोंबडीचे पाय झाले तर बोलू नका. समोर एक आजोबा आहेत. "ती पिवळी गोळी द्या, जी मागे दिली होती," म्हणतात. दुकानात पिवळ्या गोळ्या चाळीस प्रकारच्या. एकेक दाखवतेय, ते मान हलवतायत.

तुमचं पत्र आलं की मी ते ॲप्रनच्या खिशात ठेवते आणि जरा गर्दी ओसरली की बाहेर काढते. खरं सांगू? तुमचा हेवा वाटतो. इथे सकाळी शटर वर जातं ते पुन्हा खाली येईपर्यंत दहा तास. समोर भिंत, मागे कपाटं, वर ट्यूबलाइट. पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात. घरी जावं तर आमचे हे रात्रपाळी करून आलेले, बाहेरच्या खोलीत झोपलेले. सुट्टीच्या दिवशी मी माझ्याच घरात चोरासारखी वावरते. भांडं वाजलं की पलंगावरून हुंकार येतो. आणि तुम्ही तिकडे टोपली घेऊन निघता, वास घेत अळिंबी खुडता. किती सुखाचं आहे हो! देवानं माझ्या वाट्याला रसायनांचा वास दिला आणि तुमच्या वाट्याला पुदिन्याचा.

आईला मलम जेवणानंतर लावा, आधी नको. खोकल्याची हिरवी बाटली संपली की तपकिरी सुरू करा. उचकी परत लागली तर साखर. गुडघा असा बदलता असेल तर वाताचा असेल. सोबत पट्टा पाठवतेय, दोन्ही गुडघ्यांना बसतो.

तिला इकडे आणावं असं दरवर्षी मनात येतं. पण तुम्ही आमचं घर पाहिलंयच. दोन खोल्या, त्यात तिचा खोकला आणि ह्यांची झोप. एकाला काढून दुसऱ्याला ठेवावं लागेल.

अजून लिहा. अळिंबीचा रंग कसा होता?

तुमची नणंद


२४ एप्रिल

प्रिय वन्सं,

अळिंबी वरून दुधी, खालून फिकट गुलाबी. आता माझं एक ऐका, आणि सध्या कुणाला सांगू नका.

मागच्या मंगळवारी ओढ्यापाशी एक बाई भेटल्या. पन्नाशीच्या असतील. पायात बूट, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि चक्क पालथ्या पडून जमिनीवर काहीतरी बघत होत्या. मला वाटलं चक्कर आली. धावले. तर म्हणाल्या, "थांबा, पाय नका टाकू तिथे!" बोटाच्या पेराएवढं रोप होतं. मी म्हटलं, "ह्यासाठी पडलात? हे तर आमच्या न्हाणीघराच्या मागे ढिगानं आहे. नखुरडं झालं की ठेचून बांधते मी." त्या उठून बसल्या. तासभर मला विचारत राहिल्या. हे कधी फुलतं, ते कुठे उगवतं, ह्याचं खाता का, त्याचं काय करता. मी बोलत सुटले. कुणी विचारतच नाही ना एरवी.

त्या शहरातल्या वनस्पतींच्या कॉलेजात शिकवतात. मुलांना घेऊन रानोमाळ हिंडतात, रोपं गोळा करतात, दाबून वाळवतात, कागदावर चिकटवून खाली माहिती लिहितात. त्यासाठी एक माणूस हवंय. शिक्षणाची अट त्या बाजूला ठेवणार म्हणाल्या. "पुस्तक वाचलेले माझ्याकडे पुष्कळ आहेत. पायाखालचं ओळखणारं कुणी नाही." पगार मिळेल, वसतिगृहात एक खोली मिळेल. जूनच्या एक तारखेला रुजू व्हायचं. पंधरा मेपर्यंत हो-नाही कळवायचं.

वन्सं, मी घरी साडेपाचला पोचले. आई पायरीवर होत्या. संध्याकाळी मान आखडली म्हणाल्या. शेकत बसले. शेकता शेकता माझ्या डोक्यात एकच: खोली. एक खोली, आणि तिच्यातून मी बाहेर पडले तर 'कुठे निघालीस' विचारणारं कुणी नाही.

मी सुखात आहे असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला हसू आलं. तो एक तास सुखाचा आहे, खरं आहे. उरलेले तेवीस मी हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर असते. आंघोळ करतानासुद्धा नळ बारीक ठेवते. सहा वर्षांत मी एक पुस्तक सलग वाचलेलं नाही. आई वाईट नाहीत हो. ओरडत नाहीत, टोमणा मारत नाहीत. नुसत्या "अगं, जरा" म्हणतात. वाईट असत्या तर केव्हाच निघाले असते.

तर विचारते. आईंना तुम्ही ठेवून घ्याल? कायमचं नाही, दोन महिने. माझं तिथे जमतंय का पाहू, मग पुढचं ठरवू. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

पत्राची वाट बघते. लवकर लिहा.

वहिनी

(काटा बोचून उजव्या अंगठ्याला नखुरडं झालंय, म्हणून अक्षर असं.)


११ मे

वहिनी,

उशीर झाला, रागावू नका. दुकानात वर्षाची मोजदाद होती, मग ह्यांना दातदुखी, मग मला कणकण. पत्र लिहायला बसले की काहीतरी निघायचंच.

तुमच्या नोकरीचं वाचून आनंद झाला. खरंच. पण वहिनी, नीट विचार करा. वसतिगृहातलं जेवण, पोराटोरांची जात, वय तुमचं सेहेचाळीस. त्या बाईंचा उत्साह आज आहे, उद्या असेलच असं नाही.

आणि आईचा गुडघा. आमच्या दुकानात जे डॉक्टर येतात त्यांना मी विचारलं. म्हणाले, अशा वयात जागा बदलली की माणूस खचतं. इथे तीन जिने आहेत. ती वर चढलीच तर खाली उतरणार नाही. तिकडे तिला सगळं हाताशी आहे आणि मुख्य म्हणजे तुम्ही आहात. तुमच्याशिवाय तिचं पान हलत नाही, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? दादा गेल्यावर तिनं जीव धरला तो तुमच्यामुळे.

पुढच्या वर्षी पाहू. तोवर ह्यांची पाळी बदलेलही.

आई तुम्हाला स्वतःहून काही म्हणाली का? नसेल तर राहू दे, विचारू नका. उगाच मनाला लावून घेईल.

नखुरड्यासाठी पावडर पाठवतेय. कोमट पाण्यात मीठ घालून बोट बुडवा.

तुमची नणंद


१६ मे

वन्सं,

पावडर मिळाली. नखुरडं तोवर आपोआप फुटून बरं झालं होतं.

कॉलेजातल्या बाईंना काल नकार कळवला. चार ओळी लिहिल्या. आईंना बरं नसतं म्हणून, असं कारण दिलं. खोटं काही लिहिलं नाही.

आईंचं पित्त बरं आहे. कालपासून पायाला कुरूप झालंय म्हणतात, मला दिसलं नाही.

घोळ आता जून झाली. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

वहिनी


२७ मे

वन्सं,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. सरळ सांगते.

काल चारला निघाले. नकार कळवल्यापासून माझं पाऊल कुठे पडतं इकडे लक्षच नसतं. ओढ्यापर्यंत गेले, आणि थांबलेच नाही. चपला हातात घेतल्या, पाणी घोट्याएवढं होतं, पार झाले. परतायला उशीर होणार हे माहीत होतं. मनात म्हटलं, होऊ दे. बसू देत पायरीवर. सहा वर्षांत पहिल्यांदा असं म्हटलं.

पलीकडे चढ आहे. चढून गेलं की मोकळं माळरान, आणि माळाच्या टोकाला तुतीचं मोठं झाड. इतकं लगडलेलं की खालची माती काळी झालेली. झाडाखाली एक जुना ओंडका आडवा पडलाय. त्या ओंडक्यावर, दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहून, बाह्या कोपरापर्यंत सारून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन कुणीतरी तुती तोडत होतं.

आई.

मी झुडपामागे बसले. मीच चोर असल्यासारखी. त्यांनी एक ओंजळ खाल्ली, देठ थुंकले, ओंडक्यावरून टुणकन खाली उतरल्या. हो, टुणकन. दुसरा शब्द नाही मला. मग दुसऱ्या बाजूनं चढल्या. काहीतरी गुणगुणत होत्या. खोकला नाही, काही नाही. मग उन्हाकडे पाहिलं, हात गवतावर पुसले आणि वरच्या, जवळच्या वाटेनं, जिथून ओढ्यावर लाकडी साकव आहे म्हणे, भराभर निघाल्या. मला गाठता आलं नसतं अशा.

मी पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. आई पलंगावर, गुडघ्यावर शाल.

"आलीस? उशीर केलास. गुडघा ठणकतोय गं."

"काही खाल्लंत का?" मी विचारलं.

"छे! पडून होते."

ओठ जांभळे, जीभ जांभळी, नखांत जांभळं. मी उभी राहून बघत होते. मग काय केलं सांगू? तेल कोमट केलं आणि गुडघा चोळला. अर्धा तास. पोटरी अशी टणक, रोज चढ चढणाऱ्या माणसाची. सहा वर्षं ही पोटरी मी चोळतेय आणि मला कळलं नाही. त्या डोळे मिटून पडलेल्या. मी रडत होते, आणि तेलात थेंब पडू नये म्हणून मान वळवून रडत होते.

वन्सं, ह्या गुडघ्यासाठी मी ती खोली सोडली.

तुमचं अकरा तारखेचं पत्र मी रात्रीतून पाच वेळा वाचलं. "आई स्वतःहून काही म्हणाली का?" असं तुम्ही का विचारलंत? तुम्हाला माहीत होतं का?

वहिनी


३ जून

वहिनी,

हो.

सोबत आईचं पत्र आहे. मला पाच मेच्या सुमारास मिळालं. ते आधी वाचा, मग माझं. किंवा माझं वाचूच नका.

मला तुमच्याकडून माफी नकोय. मी ते पत्र वाचलं आणि पहिला विचार काय आला असेल? तुम्ही सुटाल, हा नाही. आई आजारी नाही, हासुद्धा नाही. "आता ती इथे येणार", हा. तीन जिने ती टणाटण चढेल, दोन खोल्यांत तिचं बोलणं, ह्यांचा हुंकार, आणि मी मधे. दहा तास उभं राहून आल्यावर परत उभी. मी पत्र घडी घालून पिवळ्या गोळ्यांच्या खणात ठेवलं. दुकानात तो खण माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. डॉक्टरांना मी काहीच विचारलं नव्हतं. ते वाक्य मी काउंटरवर रचलं, ग्राहक समोर असताना, एका हातानं सुटे पैसे देत.

आणि एक. हे सांगायची लाज वाटते. तुम्ही तिथून गेलात तर मला पत्रं कुठून येतील? मी तुमच्या पत्रांतून रानात जायची, वहिनी. तुम्ही लिहीत होतात 'एक तास', आणि मी तेवढंच वाचत होते. बाकीचे तेवीस तुम्ही स्पष्ट लिहिलेत तेव्हा मी खिशातून ते पत्र परत काढलंच नाही.

ह्यांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझी आई ठणठणीत आहे? मग प्रश्न काय?"

तुमची नणंद

(आईचं पत्र)

३ मे

चि. मुलीस,

हे पत्र सूनबाई रानात गेली असताना लिहीत आहे. पोस्टमनला थांबवून ठेवलं आहे, तो पायरीवर चहा पितो आहे. तेव्हा थोडक्यात.

मला काही झालेलं नाही. खोकला नाही, गुडघे चांगले आहेत, पित्त कधीच नव्हतं. तू पाठवतेस ती औषधं मी मागच्या दारी ओतते. तिथे एक झाड वाळलं.

तुझा दादा गेला तेव्हा तू बारा दिवस राहून गेलीस. पुढचं तुला ठाऊक नाही. सूनबाई दोन महिने अंथरुणातून उठली नाही. खात नव्हती, बोलत नव्हती, केस विंचरत नव्हती. मी समजावलं, रागावले, पाया पडले. मुलगा गेला आणि ही माझ्या डोळ्यांदेखत चालली. एके दिवशी मला ठसका लागला. खरा लागला. थांबेना. तर ही उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली आणि मला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खोकले. तिनं काढा केला. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी पाला आणायला बांधावर गेली. अशी ती उभी राहिली. मग मी थांबायचं कसं? थांबले आणि ती परत पडली तर?

आता सहा वर्षं झाली. मी माझ्याच घरात आजारी होऊन बसले आहे. ती बाहेर पडली की मी दुसऱ्या वाटेनं हिंडून येते, नाहीतर खरोखरची आजारी पडेन.

परवा जाड चष्म्याच्या एक बाई घरी येऊन गेल्या. ही बाहेर होती. त्यांनी मला नोकरीचं सांगितलं. हिनं मला सांगितलेलं नाही. माझ्यामुळे ती जाणार नाही, हे मला कळतं. तिला समोर बसवून 'मी खोटं बोलत होते' म्हणायची माझी हिंमत होत नाही. ती माझं तोंड बघणार नाही. तू तिला लिही. तुला गोड बोलता येतं. म्हणावं, आईला मी सांभाळते, तू जा. मी तुझ्याकडे आले नाही तरी चालेल, इथे एकटी राहीन, पण तिला तसं सांगू नकोस.

पंधरा तारखेच्या आत लिही. पोस्टमनचा चहा संपला.

आई


२२ जून

वन्सं,

तुमचं पाकीट आलं त्यानंतर तीन दिवस मी कुणाशी बोलले नाही. आई सकाळी खोकल्या, मी आधण ठेवलं नाही. पुन्हा खोकल्या. मी खुर्चीत बसून राहिले. पुस्तक घेऊन बसले होते, एक ओळ वाचली नाही, पण उठले नाही. चौथ्या दिवशी त्यांचं पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं. त्या आल्या, आपलं अक्षर ओळखलं, आणि उभ्याच राहिल्या.

"कधी आलं हे तुझ्याकडे?"

"तीन दिवस झाले."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सहा वर्षं बोलला नाहीत. मला तीन दिवस नकोत?"

बसल्या. हात टेबलावर ठेवले. म्हणाल्या, "मी तुला उठवायला खोकले."

"मी उठले होते, आई. पहिल्याच वर्षी उठले होते."

"दिसलं मला."

"मग?"

त्यांनी पत्राची घडी घातली. मग त्या म्हणाल्या, "मग मला तुझी सवय झाली. पत्रात मी ते लिहिलं नाही. पोस्टमन घाई करत होता, असं म्हणेन मी. पण तो करत नव्हता."

वन्सं, ते ऐकून मला बरं वाटलं. तुमच्याकडे आलेलं पत्र वाचून माझा नुसता घुसमटून जीव गेला होता. माझ्या भल्यासाठी मला कोंडलं, असं कुणी म्हटलं तर त्याच्यावर रागवायचं तरी कसं? पण सवय झाली, सोडवेना, हे मला कळतं. त्याच्यावर रागावता येतं. मी रागावले. जोरात. आवाज शेजारच्या दुकानापर्यंत गेला असणार, कारण दुकानदारीणबाई मीठ हवंय का विचारायला आल्या, आणि मीठ त्यांच्याकडेच मिळतं. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून चहा ठेवला. सहा वर्षांनी त्यांच्या हातचा. साखर जास्त झाली होती.

गुरुवारी मी कॉलेजात जाऊन आले. अडीच तास बस. ती जागा गेली. शिकलेला कुणीतरी तरुण आहे, चांगला आहे बिचारा, मला पाणी आणून दिलं. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, मुलांना घेऊन त्या सहा आठवडे डोंगरात निघाल्यात, तेवढ्यासाठी मला नेतील, रोजावर. पुढचं पुढे. खोली नाही, तंबू आहे, त्यात तिघी. मी हो म्हटलं. उद्या सोमवारी निघते.

आई इथेच राहणार. तुमच्याकडे येणार नाहीत, त्यांनीच ठरवलंय, तेव्हा तुमचे तीन जिने सुरक्षित आहेत. पण तुम्ही यायचं आहे. दहा दिवसांची रजा काढा आणि या. औषधं आणू नका. त्यांची तब्येत विचारायला नाही, त्यांच्याबरोबर चालायला या. रान पत्रातून घ्यायची तुमची सोय मी आता करणार नाही.

तुमच्यावर माझा राग आहे. तो एवढ्यात जाणार नाही आणि मी घालवायला बघणारही नाही. तुमच्या पोटऱ्यांच्या शिरा मला दिसतात, ती बाहेरची खोली दिसते, तिथे तुम्ही भांडं न वाजवता कशा वावरत असाल तेही दिसतं. तुम्हीही आत आहात, मला कळतं. पण दार उघडायची किल्ली तुमच्या हातात आली होती आणि तुम्ही ती खणात ठेवलीत. एवढं लिहून हे संपवते, पुन्हा उगाळणार नाही.

आज रविवार. सकाळी आई म्हणाल्या, "चल, दाखवते." आम्ही दोघी पहिल्यांदा एका वाटेनं निघालो. त्या पुढे, मी मागे. चढावर मला धाप लागली, त्या वर कमरेवर हात ठेवून उभ्या. माळाच्या पलीकडे, मी कधी न पाहिलेल्या उतारावर, रानअंजिराचं एक झाड आहे. फळं सुपारीएवढी, आतून लाल, गोडीला बेताची. सहा वर्षं त्या हे सगळं एकट्या खात होत्या. मी तसं म्हटलं. "मग काय करणार होते," म्हणाल्या, "आजारी माणसानं अंजीर घरी आणलं असतं तर तू विचारलं नसतंस का?" मला हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

खालच्या फांद्या पाखरांनी संपवलेल्या. वरची एक भरलेली होती. आई ओंडक्याबिंडक्याशिवाय नुसत्या टाचा उचलून तिच्यापर्यंत पोचल्या. माझ्याकडे पाठ होती. तशाच विचारलं, "परत येशील?"

खोटं सांगणं सोपं होतं. आमच्या घरात सवय आहे त्याची.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या, आणि माझा हात पोचावा म्हणून फांदी खाली ओढून धरून ठेवली.

वहिनी